उघड्या दगडावरची बारूद

आमच्या तांड्यात बारूद पारखायची एक रीत होती. नाईकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, अंगणात कडुनिंबाखाली एक सपाट काळा दगड होता. दारव्ह्याच्या दुकानातून कुणी बारूद आणली की तिची चिमूट त्या दगडावर ठेवायची, वर चिलमीतला निखारा टेकवायचा आणि सगळ्यांनी बघायचं. फस्स करून एका झटक्यात गेली आणि दगडावर नुसता डाग राहिला, तर माल चांगला. रेंगाळत, तडतडत जळली आणि मागे काळा चिकट गाळ उरला, तर ओल धरलेली, कमजोर. चांगलीला एक माप, कमजोरला दीड. दुकानदाराने देवाची शपथ घेतली तरी तांडा विश्वास ठेवायचा तो दगडावरच.

ही रीत खोटी नव्हती, हेच तर दुखणं आहे. खोटी असती तर तिला चार शिव्या हासडून मी मोकळा झालो असतो.

आमचा तांडा बोरी अरबपासून तासाभराच्या चालीवर. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घालायचे, राजांच्या फौजांना दाणागोटा पुरवायचे, हे सगळं ऐकीव. मी पाहिलं ते एवढंच की आम्ही ज्वारी-कापूस पेरतो आणि रानडुकरं येऊन ज्वारी लोळवून जातात. घरात आम्ही गोर बोली, म्हणजे बंजाऱ्यांची भाषा, बोलायचो. ती जशीच्या तशी लिहिली तर बहुतेक वाचकांना कळणार नाही, म्हणून माझा बा बाजारात जशी वऱ्हाडी बोलायचा तशीच इथे लिहितो.

बाच्याकडे ठासणीची एकनळी बंदूक होती. पीक राखण्यासाठीचा रीतसर परवाना होता. आज कुणाला त्याचं काही वाटणार नाही, पण तांड्यातल्या माणसाकडे पोलीस त्या काळी कोणत्या नजरेने बघायचे ते ज्यांनी सोसलं त्यांनाच ठाऊक. कुठे बैल चोरीला गेला की आधी आमच्या दारात. अशा तांड्यातल्या माणसाला सरकारने विश्वासाने बंदूक दिली होती. बा तो परवाना मेणकापडात गुंडाळून ठेवायचा आणि पाहुणा आला की बंदुकीच्या आधी परवाना दाखवायचा.

ती भरायची त्याची पद्धत मला डोळे मिटून सांगता येते. आधी नळीत बारूद, तिच्यावर काथ्याचा बोळा, तो गजाने ठासायचा. मग छर्रे, त्यावर आणखी एक बोळा. शेवटी बंदुकीच्या घोड्याखाली तांब्याची टोपी. बारूद मोजायचं माप म्हणजे बांबूचं एक पेर, माझ्या आजाने कापलेलं, काठ वापरून गुळगुळीत झालेला. बा ते काठोकाठ भरायचा आणि वर आलेले दाणे अंगठ्याने सारखे करून परत बारूद ठेवायच्या शिंगात टाकायचा. पेर उपडं केलं की दोनदा ठोकायचा. याई, म्हणजे माझी आई, चिडवायची की इतक्या निगुतीने यांनी कधी पोरांच्या ताटात भात वाढला नाही.

छप्पन साल होतं. मॅट्रिक होऊन मी यवतमाळला कॉलेजात गेलो होतो आणि दिवाळीच्या सुटीला घरी आलो होतो. त्याच दसऱ्याला शेजारच्या गावची अर्धी वस्ती नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आली होती आणि पंचक्रोशीत दुसरा विषय नव्हता. अशा दिवसांत यवतमाळला कापसातली सरकी काढायची जिन असलेला एक शेठ दोस्तमंडळी घेऊन शिकारीला आला. दरवर्षी यायचा. जंगलातली वाट दाखवायला बा लागायचा. शेठची बंदूक विलायती, दोननळी, मागून काडतूस घालायची. पण त्या वर्षी त्याची काडतुसं पावसाळ्यात ओल लागून फुगली होती. कागदी पुठ्ठ्याचीच ती. नळीत बसेनात. एक जोर करून बसवलं तर अडकून बसलं. शेठने बंदूक बनवणाऱ्याची, पावसाची आणि बाचीही आई-बहीण काढली आणि शिकार न करताच जीप वळवली.

जाताना ती फुगलेली काडतुसं त्याने पिशवीसकट बाच्या हातात दिली. बक्षीस म्हणून. "फोडून बारूद काढून घे," म्हणाला, "तुझ्या त्या काळ्या भुकटीपेक्षा भारी माल आहे. धूर करत नाही."

"भरू किती, शेठ?" बाने विचारलं.

"जितनी भरता है उतनीच भर."

हे मी ऐकलं. माझा काका, बाचा धाकटा भाऊ, तोही शेजारी उभा होता, त्यानेही ऐकलं. शेठच्या जीपमधल्या दोस्तांनी तर ऐकलंच असणार.

संध्याकाळी बाने दोन-चार काडतुसं कापली. आत आमच्यासारखी चकचकीत काळी बारूद नव्हती. करड्या-पिवळ्या चपट्या कण्या होत्या. बा त्या नाईकाच्या दगडाकडे घेऊन गेला. चिमूट ठेवली, निखारा टेकवला. ना फस्स, ना धूर. पिवळी मऊ ज्योत उठली, शांतपणे जळली, विझली. दगडावर डागसुद्धा नाही. जमलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"ही बारूद हाय का दिव्यातली वात?" नाईक म्हणाला.

"शेठची बारूद शेठावानीच," बा म्हणाला, "बोलायलेच भारी." तोही हसत होता.

"दीड टाकजो मंग."

"शेठनं एकच सांगतलं. एकच टाकतो. डुकराले हाकलाचं हाय, मारून कुठं खाचं हाय?"

'एकच टाकतो' हे बाचं वाक्य मी आयुष्यभर सांभाळलं आहे. दुसरं काही सांभाळायला उरलंच नाही.

दुसऱ्या दिवशी अंधार पडायच्या आत बा ज्वारीच्या वावरातल्या माळ्यावर गेला. त्याच्या बंदुकीचा आवाज आम्हाला पाठ होता, घुमून येणारा, जाडसर. त्या दिवशी आला तो आवाज कोरडा आणि आखूड होता, आणि त्याच्यामागून काहीच आलं नाही. काका आणि मी धावलो. बा माळ्याखाली बसला होता. डाव्या हाताचं जे उरलं होतं ते त्याने उजव्या हाताने धरलं होतं. तोंडाची डावी बाजू रक्ताने भरली होती. बंदूक पलीकडे पडली होती आणि तिची नळी मागच्या बाजूला, जिथे बारूद बसते तिथे, फाटून उघडी झाली होती.

शेजारच्या बौद्ध वस्तीतल्या एका गाडीवाल्याने न बोलावता बैल जुंपले. यवतमाळच्या दवाखान्यात पोचेपर्यंत बा शुद्धीवर होता आणि एकच गोष्ट बोलत होता, "एकच टाकलतं मी. लेका, एकच टाकलतं." हात मनगटातून काढावा लागला. डावा डोळा गेला.

पंचनामा झाला तो बा दवाखान्यात असताना. त्याच्या आदल्या रात्रीच काकाने उरलेली काडतुसं एका गाडग्यात घालून गोठ्यात पुरली होती. बिनपरवान्याची काडतुसं तांड्यात सापडली असती तर गडीमाणसं दारव्ह्याच्या ठाण्यात उलटी टांगली गेली असती, असं त्याला वाटलं, आणि त्यात फार चुकीचं काही नव्हतं. तांड्याने ठरवलं, काडतुसांचं नाव काढायचं नाही. मग बारूद कुठली? दुकानातली. पोलीस जमादाराने नाईकाला विचारलं. नाईक माणूस सरळ. शेठचं नाव गाळायचं ठरलं होतं, पण डोळ्यांनी पाहिलेलं खोटं सांगायचं असं ठरलं नव्हतं. तो म्हणाला, बारूद कमजोर होती, आम्ही दगडावर पाहिली. कमजोर बारुदीला आम्ही दीड टाकतो. त्यानंही टाकली असन. बाचं 'एकच टाकतो' त्याने मस्करीच धरलं असावं.

मी पुढे होऊन म्हणालो, शेठने काडतुसं दिली होती, त्यातली बारूद होती. जमादाराने मान वर केली. "कुठं हायेत काडतुसं? दाखव." काका माझ्याकडे बघत होता. जमादार पुन्हा म्हणाला, "तू तं कॉलेजात शिकतं म्हनते. बिनपरवान्याची काडतुसं घरात हायेत असं लिहून देतं का?" मी काय लिहून देणार होतो? शेठला कुणी यवतमाळला जाऊन विचारलं की नाही देव जाणे. आम्हाला सांगण्यात आलं की शेठने काही दिल्याचं त्याला आठवत नाही. पंचनाम्यात लिहिलं गेलं की इसमाने नशेत प्रमाणाबाहेर बारूद भरल्याने नळी फुटली. नशेत! होळीचीसुद्धा घेत नव्हता माझा बाप. परवाना रद्द झाला. मेणकापड तेवढं घरात राहिलं.

हात गेल्याचं बाने मनाला फार लावून घेतलं नाही. एका हाताने तो वखर धरायला शिकला. बैलही त्याला सांभाळून घ्यायचे. त्याला खाऊन टाकलं ते लोकांच्या एका प्रश्नाने. बाजारात, लग्नात, एसटीच्या थांब्यावर, कुणीही बाहीतला थोटा हात बघायचा आणि विचारायचा, "किती भरली होती?" बा म्हणायचा, "एक माप." समोरचा हसायचा किंवा नुसती मान हलवायचा. दोन्ही सारखंच. मग बा त्याला गाठून समजावायला लागायचा, आणि वर्षं गेली तशी त्याची हकीगत बदलत गेली. शेठची बारूद जहाल होती, दगडावर ठेवली तेव्हा हातभर भडका उडाला होता, नाईक मागे सरला होता. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखरच तसं आठवायला लागलं होतं. एक माप भरून नळी फुटली म्हणजे बारूद जहाल असलीच पाहिजे, आणि जहाल असली म्हणजे भडका उडालाच पाहिजे. नाईक ते ऐकून चिलमीतला निखारा सारखा करायचा. बिचाऱ्याला कशाला दुखवा, असा त्याचा चेहरा.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला कॉलेजच्या वाचनालयात मला एक इंग्रजी पुस्तक सापडलं. कुठल्याशा पलटणीचा शिक्का मारलेलं, गोरे गेले तेव्हा रद्दीत निघालेलं. बंदुकीच्या नळीच्या आत काय घडतं, फक्त एवढ्यावरच ते जाडजूड पुस्तक होतं. गोळी बाहेर पडल्यावर कुठे जाते त्याचं शास्त्र वेगळं. हे आतलं. मी शब्दकोश घेऊन बसलो आणि उन्हाळ्याच्या परीक्षेचा अभ्यास बाजूला ठेवून ते वाचलं.

त्यातून कळलं की शेकडो वर्षं माणसं तोफा उडवत आली, पण आत काय होतं ते कुणालाच माहीत नव्हतं. माहीत होणार कसं? चाप ओढल्यापासून गोळी तोंडाबाहेर पडेपर्यंत सेकंदाचा अगदी बारीकसा तुकडा जातो, आणि सगळं बंद लोखंडात घडतं. दोनशे वर्षांपूर्वी एका इंग्रज गणित्याने जड लाकडी ठोकळा झोपाळ्यासारखा टांगला, त्यात गोळी मारली आणि ठोकळा किती झुलला त्यावरून गोळीचा वेग काढला. पुढे कुणी तोफेच्या भिंतीला भोक पाडून त्यात दट्ट्या बसवला आणि दट्ट्याखाली तांब्याचा लहान तुकडा ठेवला. तोफ उडाली की तांबं चेपायचं. किती चेपलं त्यावरून आतला दाब कळायचा. मला ते वाचताना राग आला. तांब्याच्या तुकड्याची साक्ष घेतात, आणि माझ्या बापाची घेत नाहीत!

मग ते प्रकरण आलं ज्यासाठी मी नकळत वाचत होतो. काळी बारूद दाण्याच्या वरच्या अंगापासून आत जळत जाते, आणि भोवती दाब वाढला तरी तिचा जळण्याचा वेग फारसा वाढत नाही. जळल्यावर तिचा निम्म्याहून जास्त भाग घनच राहतो, तोच धूर आणि तोच नळीतला गाळ. म्हणून ती थोडी कमी-जास्त झाली तरी पोटात घालते. बिनधुराच्या बारुदीचं उलटं. ती जवळजवळ सगळीच्या सगळी वायू होते. उघड्यावर ती मंद, गरिबासारखी जळते. पण बंद जागेत दाब वाढला की तिचा जळण्याचा वेग वाढतो, वेग वाढला की दाब आणखी वाढतो, आणि तो दाब तिला आणखी पेटवतो. छर्रे पुढे सरकून जागा मोकळी होण्याच्या आधीच नळीची भिंत हरलेली असते. एका फ्रेंच रसायनतज्ज्ञाने हे बंद पोलादी भांड्यात बारूद जाळून सिद्ध केलं. बंद भांड्यात. दगडावर नाही.

ही बारूद बनते कशापासून? कापसापासून. आम्लात मुरवलेल्या कापसापासून. मी पुस्तक मिटलं आणि खिडकीतून बाहेर पाहिलं तर रस्त्याने शेठच्याच जिनकडे कापसाच्या बैलबंड्या रांगेने चालल्या होत्या. त्यातली एखादी आमच्या तांड्याचीही असेल.

पुस्तकात आणखी एक बारीक टीप होती. बिनधुराची बारूद नवीन निघाली तेव्हा तिचा एक प्रकार मुद्दाम असा करत की काळ्या बारुदीच्याच मापाने भरता यावा. शेठने वाडवडिलांकडून ते ऐकलं असेल. म्हणजे 'उतनीच भर' हे त्याने वाईट हेतूने सांगितलं नसेलही. ठीक आहे. मग ठाण्यावर तेवढं म्हणायचं होतं. एका वाक्याने त्याची जिन बंद पडणार नव्हती.

परीक्षा झाली आणि मी तांड्यावर गेलो. बाला सगळं सांगितलं. आजाचं पेर मध्ये ठेवून सांगितलं की एवढीच बारूद, पण ही शेठची, तर नळी फुटणारच. एक मापच पुरेसं होतं. तू चुकला नाहीस. बाचा उरलेला डोळा भरून आला. तो मला म्हणाला, "मंग मी काय सांगून राह्यलो इतके वर्स? जहाल होती." मग उठून पागोटं बांधायला लागला. एका हाताने ते त्याला जमायचं नाही, पण त्या दिवशी याईला त्याने हात लावू दिला नाही.

"कुठं?" मी विचारलं.

"नाईकाकडं. दगडावर दाखवू त्याले."

मी आडवा गेलो. दगडावर काही दिसणार नाही, उघड्यावर ती मऊच जळते, सगळा खेळ बंद जागेचा आहे, हे मी तीन तऱ्हांनी सांगितलं. बा म्हणाला, "जहाल हाय तं उघड्यावर काहून दिसनार नाही? सापाचं जहर बिळातच असते का?" याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते त्या पुस्तकात होतं, आणि त्याच्या आयुष्यात नव्हतं. काकाने तोवर गोठ्यातलं गाडगं उकरून आणलंसुद्धा. इतक्या वर्षांनी का होईना, त्यालाही सुटका हवी होती.

माणसं जमली. नाईक आता खाटेवरच असायचा, त्याची खाट कडुनिंबाखाली आणली. काडतुसं बाहेरून बुरसली होती, पण आतली कणी तशीच करडी-पिवळी. मी पुन्हा एकदा सगळ्यांना ओरडून सांगितलं की हिची परीक्षा अशी होत नाही. "होऊ दे ना बाप्पा," कुणीतरी म्हणालं. बाने स्वतः चिमूट ठेवली, स्वतः निखारा टेकवला आणि भडका उडणार म्हणून एक पाऊल मागे सरला.

पिवळी मऊ ज्योत उठली. शांतपणे जळली. विझली.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. नाईक खाटेवरून हळू आवाजात म्हणाला, "कमजोरच होती रे. मी तवाच म्हनलं होतं." आणि मला वाटतं त्याने ते प्रेमानेच म्हटलं. मी पुन्हा बोलायला लागलो, दाब, वायू, बंद भांडं, पोलाद. तांडा माझं ऐकत होता तो शिकलेल्या पोराचा मान राखावा म्हणून. बा मात्र ऐकत नव्हता. तो दगडाकडे बघत होता. जन्मभर त्याने त्या दगडावर पाहिलं आणि त्यावरून माप ठरवलं. कमजोर बारुदीला त्याने आयुष्यात कधी एक माप घातलं नव्हतं.

घरी आल्यावर त्याने आजाचं पेर हातात घेतलं, अंगठा त्याच्या काठावरून फिरवला आणि ते याईला देऊन टाकलं. पुढे ती त्या पेराने मेथीचं बी मोजायची. मी म्हणालो, "बा, तू म्हणाला होतास ना, शेठनं एकच सांगितलं, एकच टाकतो? मी ऐकलंय. मी तिथंच होतो." तो म्हणाला, "तू लहान होता." मी लहान नव्हतो. कॉलेजात होतो.

त्या आठवड्यात आम्ही बोरी अरबच्या बाजाराला गेलो. चहाच्या टपरीवर एका अनोळखी माणसाने बाची लोंबती बाही पाहिली आणि विचारलं, "बंदूक फुटली का, बुढेबाबा? किती भरली होती?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. बाने कपातला चहा बशीत ओतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "दीड."

नंतर मरेपर्यंत तो दीडच सांगत राहिला.